ताश्कंदमध्ये १५ डॉलर वाचवायला गेलो

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. एकोणीस वर्षं सांगलीतल्या एका पतसंस्थेत हिशेब सांभाळतो. आमच्या रोखपालाच्या खिडकीवर 'पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये' ही पाटी आहे, ती मीच रंगवून घेतलेली. त्या पाटीखाली बसणाऱ्या माणसाने उझबेकिस्तानात जाऊन १४० डॉलर आणि ९०,००० सोम (तिथलं चलन) पावतीशिवाय मोजून दिले. हसायचं ते हसून घ्या. ऑफिसात सगळे हसून झालेत.

भाचा तेव्हा समरकंदला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होता. बहिणीचा आग्रह होता की कुणीतरी जाऊन बघून या, पोरगं जेवतंय का. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीआधी रजा जमली. २० डॉलरचा ई-व्हिसा काढला, दिल्लीहून ताश्कंदचं विमान घेतलं. पाच रात्री ताश्कंद, मग समरकंद असा बेत. भाचा म्हणाला होता, "मामा, आमचे पालक उतरतात ते गेस्ट हाउस सांगू का?" मी रुबाबात म्हटलं, नको, मी बघतो. त्याच्या गेस्ट हाउसचा दर २२ डॉलर होता. मला बुकिंगच्या साइटवर एका हॉस्टेलात १४ डॉलरला खोली दिसत होती, संडास-बाथरूम सामाईक, चोरसू बाजारापासून चालत दहा मिनिटं. पाच रात्रींचे ७० डॉलर, पैसे तिथे गेल्यावर, गुण दहापैकी ९.१. बुक केलं.

निघायच्या दोन दिवस आधी टेलिग्रामवर हॉस्टेलवाल्याचा निरोप आला. बुकिंग रद्द करा, बुकिंग कंपनी आमच्याकडून कमिशन खाते, थेट या, रोख द्या, ११ डॉलरने देतो. सोबत हात जोडलेला तो पिवळा चेहरा.

हा डाव तुम्हाला माहीत असेल. मलाही माहीत होता. पण नंबर खरा होता, हॉस्टेल खरं होतं, फोटो खरे होते. आगाऊ पैसेही मागत नव्हता. मग यात फसण्यासारखं काय, असं मी मलाच समजावलं. पाच रात्रींना १५ डॉलर वाचणार, म्हणजे ८४ च्या भावाने १,२६० रुपये. बुकिंग मी स्वतःच्या बोटाने रद्द केलं. ते बोट अजून जागेवर आहे याचंच नवल.

९ तारखेला पहाटे पोचलो. काउंटरवर पंचविशीतला पोरगा. "इंदिया? राज कपूर!" म्हणून त्याने मला जवळजवळ मिठीच मारली. तिकडे हे सगळेच करतात आणि बहुतेक जण मनापासून करतात, म्हणून तर बरं वाटतं. चहा दिला, नान दिला. उझबेकीत दोस्ताला दोस्तच म्हणतात आणि हिशेबाला हिसोब, हे ऐकून मी तर खूशच. ५५ डॉलर मोजून दिले. त्याने पासपोर्ट मागितला.

आता इथे नीट लक्ष द्या, मी दिलं नाही.

उझबेकिस्तानात परक्या माणसाची राहत्या जागी तीन दिवसांच्या आत नोंदणी व्हावी लागते. हॉटेल किंवा हॉस्टेल ती संगणकावर करतं आणि छापील चिठ्ठी देतं. हे मी घरून वाचून गेलो होतो, वहीत लिहून नेलं होतं, वही खिशात होती. माझ्या पुढे एक कोरियन मुलगा उभा होता. त्याचा पासपोर्ट स्कॅन झाला, प्रिंटर कुरकुरला, चिठ्ठी बाहेर आली, ती पासपोर्टात घालून त्याच्या हातात दिली. दोन मिनिटांचं काम, माझ्या डोळ्यांसमोर झालं. मग माझा नंबर. माझा पासपोर्ट त्याने उघडलाही नाही. खण ओढला, आत टाकला, खण लावला. "झाव्त्रा," म्हणाला. म्हणजे उद्या.

त्याला दोन मिनिटं आणि मला झाव्त्रा, का? तेवढंच विचारायचं होतं. आमच्या खिडकीवर एखाद्या शिपायाने एका खातेदाराला पावती देऊन दुसऱ्याला 'उद्या या' म्हटलं असतं, तर मी त्याचा पगार कापला असता. पण रात्रभराचा प्रवास, रक्तदाबाची गोळी चुकलेली, पोटात गरम चहा, आणि पोरगा राज कपूर राज कपूर करतोय. शिवाय खरं सांगायचं तर सवलत घेतलेल्या माणसाची मान जरा वाकलेली असते. तीन डॉलर कमी देऊन वर कागद कुठे मागायचा, असं वाटलं. तो संकोचच त्याने विकत घेतला होता, १५ डॉलरला.

पासपोर्ट स्कॅन होईपर्यंत काउंटर सोडायचं नाही. खणात जाऊ द्यायचा नाही. बस.

दुसऱ्या दिवशी विचारलं, झाव्त्रा. तिसऱ्या दिवशी काउंटरवर दुसराच माणूस, त्याला इंग्रजी येत नाही. मी तोवर फिरत होतो. ताश्कंद सुंदर आहे, त्या शहराचा राग नाही. चोरसूच्या निळ्या घुमटाखाली सुकामेवा घेतला, सामसे खाल्ले. शास्त्रीजींच्या पुतळ्याला फुलं वाहिली. ११ जानेवारी १९६६ ला ते याच गावात वारले, आमच्या घरी त्यांचा फोटो आहे, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी माझा पासपोर्ट एका खणात पडलेला होता. परदेशात पासपोर्टाशिवाय चार दिवस हिंडणारा माणूस पुतळ्यापुढे हात जोडून उभा, हे चित्र आठवलं की अजून कानशिलं तापतात.

१४ तारखेला सकाळी समरकंदची अफ्रोसियोब ही वेगवान रेल्वेगाडी होती. तिची तिकिटं भराभर संपतात आणि स्टेशनात शिरताना तिकिटासोबत पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉस्टेलवाल्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, आणि माझी गाडी कोणती हे मीच त्याला आदल्या रात्री कौतुकाने सांगितलेलं. सव्वासहाला काउंटरवर गेलो तर राज कपूर गायब, एक चाळिशीचा गंभीर माणूस बसलेला. पासपोर्ट समोर ठेवलेला, त्यावर त्याचा तळहात.

म्हणाला, तुमची नोंदणी नाही. बुकिंगही नाही, तुम्हीच रद्द केलंय. पाच रात्री बेकायदा. विमानतळावर अडवतील, मोठा दंड, पुन्हा व्हिसा नाही. माझ्या ओळखीचा माणूस मागच्या तारखेने करून देईल, २५० डॉलर.

मी ओरडलो. मराठीतही ओरडलो. त्याने घड्याळ दाखवलं. पोलिसांना बोलावतो म्हटलं, तर त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला. हा त्यांचा सगळ्यात जुना डाव, आणि मी त्यालाच भ्यालो. भाच्याला फोन केला, तो झोपेत होता, उचलला नाही. घासाघीस करून १४० वर आणलं, आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं. वर 'पर्यटन कर' म्हणून ९०,००० सोम. आतल्या खोलीत जाऊन तो पाच मिनिटांत शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन आला. पाच मिनिटांत! ओळखीचा माणूस पहाटे साडेसहाला गादीखालीच झोपला होता की काय.

चोरसूहून मेट्रो सरळ स्टेशनला जाते. वाटेत कॉस्मोनॉटलार स्टेशन लागतं, अंतराळवीरांच्या चित्रांचं. तिथे उतरून फोटो काढायचं घरून ठरवलेलं. मान वर करून पाहिलंही नाही.

गाडी सुटल्यावर चिठ्ठी नीट पाहिली. नाव माझं, पण जरा वेगळ्या ठशात. आणि पासपोर्ट क्रमांकात एक अक्षर आणि आठ आकडे. आपल्या पासपोर्टला एक अक्षर आणि सात आकडे असतात. तीनदा मोजले, आठच. कुणाच्या तरी चिठ्ठीवर माझं नाव चिकटवून झेरॉक्स काढली होती. ती त्या कोरियन मुलाची होती का हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी खात्री आहे. आकडे मोजण्यावर पोट भरणारा मी, काउंटरवर आकडेच मोजले नाहीत. मोजायला वेळ मिळू नये म्हणूनच तर सव्वासहा.

समरकंदच्या गेस्ट हाउसमधल्या मुलीने चिठ्ठी हातात घेतली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि न बोलता माझी खरी नोंदणी केली. तिचे आभार. नोंदणी करणं हे राहायला देणाऱ्याचं काम असतं, असं तिने भाच्याकरवी समजावलं. भाच्याने एवढंच विचारलं, "मामा, बावीस डॉलर जास्त होते का?" उत्तर दिलं नाही.

आता तक्रारीची कथा. समरकंदला ठाण्यात गेलो, तर गुन्हा ताश्कंदचा, तिकडे जा. परतीच्या वाटेवर ताश्कंदला गेलो, भाचा कॉलेज बुडवून सोबत. पहिल्या ठाण्यात तासभर बसवून सांगितलं, तो भाग आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठाण्यात अर्ज उझबेकी किंवा रशियनमध्ये हवा. लिहून देणाऱ्याने १,२०,००० सोम घेतले. अर्ज घेऊन गेलो तर साहेब जेवायला. साहेब आले, "चेक? चेक?" म्हणू लागले. मी सांगतोय, चेकने नाही हो, रोख दिले. भाच्याने डोक्याला हात लावला. तिकडे पावतीलाच चेक म्हणतात.

चेक नाही. बुकिंग नाही. साहेबांनी हॉस्टेलला फोन लावला, पलीकडून उत्तर आलं की हा माणूस आमच्याकडे राहिलाच नाही, त्याने रद्द केलं होतं. मी टेलिग्राम दाखवायला गेलो, तर सगळा संवाद दोन्हीकडून पुसलेला. टेलिग्रामवर समोरचा तुमच्या फोनमधलंही पुसू शकतो, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. असल्या प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट काढा, त्याच मिनिटाला.

आणि मग साहेबांनी मलाच विचारलं: हॉस्टेलात नव्हतात, तर पाच रात्री कुठे होतात? नोंदणी कुणी केली? ही खोटी चिठ्ठी तुमच्याकडे कशी?

म्हणजे मी फिर्यादी म्हणून आत गेलो आणि आरोपी होऊन बसलो. दाराजवळचा शिपाई तर दार लावायलाच उठला असं मला वाटलं. भाच्याने हात जोडून अर्ज परत मागून घेतला. साहेबांनी अर्ज दिला, पण त्यासोबत जोडलेला खोट्या चिठ्ठीचा झेरॉक्स ठेवून घेतला. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

बुकिंग कंपनीला लिहिलं. आधी यंत्र बोललं, मग माणूस बोलला, दोघांत फरक कळला नाही. 'पाहुण्याने स्वतः रद्द केलेल्या आरक्षणाबाबत आम्ही काही करू शकत नाही, आपल्या मनःस्तापाबद्दल खेद आहे.' बरं, निदान वाईट अभिप्राय तरी लिहू, तर तोही राहून आलेल्यालाच लिहिता येतो आणि त्यांच्या दप्तरी मी राहिलोच नाही. ९.१ गुण कसे टिकतात ते आता कळलं. ज्यांना लुटतात त्यांचं बुकिंग आधीच रद्द करून घेतलेलं असतं.

प्रवास विमा काढला होता, हप्ता रीतसर भरलेला. विमावाल्यांना पोलिसांचा कागद हवा. पोलिसांना पावती हवी. पावती हॉस्टेलवाल्याकडे, आणि त्याच्या लेखी मी नाहीच. या तिघांनी एकमेकांचे हात धरून माझ्याभोवती फुगडी घातली. विमा कंपनीत सात फोन केले, दर वेळी जन्मतारीख नव्याने सांगितली. शेवटी बाई म्हणाल्या, "सर, कॅश कव्हर होत नाही." मग पहिल्या फोनलाच सांगायचं ना!

हिशेब असा. १४० डॉलर म्हणजे ११,७६०, ९०,००० सोमचे सुमारे ५९०, अर्जाचे ७९०. एकूण १३,१४०. वाचवलेले १,२६० वजा केले की ११,८८० रुपये निव्वळ तोटा. किर्दीत कुठल्या खाती टाकू ते सांगा.

डॉलरमध्ये रोख मागणारा दिसला की तिथेच थांबा, तिकडे व्यवहार सोममध्ये व्हायला हवा. गाडीची, विमानाची वेळ काउंटरवर कुणालाही सांगू नका. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी हिशेब मिटवा, पहाटे नाही.

परतीच्या रात्री विमानतळावर रांगेत उभा होतो. एका खिशात समरकंदची खरी चिठ्ठी, दुसऱ्यात ती आठ आकड्यांची. तळहात ओले. पाच रात्रींबद्दल काय सांगायचं ते भाच्याने रशियनमध्ये कागदावर लिहून दिलेलं, ते पाठ करत होतो. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतला, व्हिसा पाहिला, चेहरा पाहिला, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत सरकवला. चिठ्ठीबद्दल एक शब्द नाही. मीच घशातून "रेगिस्त्रात्सिया?" असा काहीसा आवाज काढला. त्याने हातानेच पुढे जायला सांगितलं. मागे रांग होती.