जीमेलचं प्लस की रिलेचा मास्क?

कॉलेज रोडला काहीही घ्या, बिल करताना मेल आयडी मागतातच, म्हणून सिडकोतला मावसभाऊ विचारत होता की जीमेलचं प्लस वापरू की फायरफॉक्स रिले.

खर्च बघितला तर प्लस फुकट आणि पत्ते हवे तितके, @च्या आधी प्लस लावून दुकानाचं नाव टाकलं की मेल आपल्याच इनबॉक्सात, सेटिंगची भानगड नाही. रिले ही फायरफॉक्सवाल्या मोझिलाची सेवा, ती मास्क म्हणजे वेगळाच पत्ता बनवून देते आणि त्यावर आलेला मेल आपल्या खऱ्या पत्त्यावर पाठवते, पण फुकटात 5च मास्क. पण लपवायचं म्हणाल तर प्लसमध्ये खरा पत्ता समोरच दिसतो ना, स्पॅमवाल्याने प्लसपासून पुढचं खोडलं की झालं, आणि काही साईट तर प्लसवाला पत्ता घेतच नाहीत (कोणी विकला ते कळतं, तेवढंच समाधान). रिलेत दुकानदाराला खरा पत्ता कळतच नाही, डोक्याला ताप झाला की तो मास्क बंद, विषय संपला. मेल मात्र मोझिलाच्या सर्व्हरवरून फिरून येतो, अन् फुकटवाल्यात रिप्लाय नाही.

नुसते मेल वेगवेगळे लावायचे, फिल्टर टाकायची सवय आहे, तर प्लस पुरे. लकी ड्रॉ, प्लॉटच्या स्कीमवाले, अनोळखी ॲप यांना रिलेच द्या. बँकेला मात्र सरळ खरा पत्ता.