परतलेल्या मिशनऱ्यांसाठी खानापूरजवळचे निवासी शिबिर: एक अभिप्राय

दीर्घकाळ परप्रांतात सेवा करून घरी परतलेल्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांसाठी खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यात, एका जुन्या मिशन बंगल्यात, दर हिवाळ्यात आठवडाभराचे निवासी शिबिर भरते. ते चालवणाऱ्या निवृत्त मिशनरी दांपत्याला नावाची प्रसिद्धी नको असल्यामुळे, शिबिरार्थी त्यांना ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने, म्हणजे काका-काकू म्हणूनच, त्यांचा येथे उल्लेख करतो. दक्षिण ओडिशातील रायगडा जिल्ह्यात, कुवी ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या गावांमध्ये बराच काळ सेवा करून आम्ही पतिपत्नी बेळगावला परतलो आणि येथे नवे सेवाकार्य सुरू करण्यापूर्वी या शिबिरास गेलो. परतणाऱ्याचे ऐकून घेण्यात हे शिबिर अतिशय चांगले आहे. पुढे काय करावे हे सांगण्यात ते बरेच कमी पडते. दोन्ही बाजू सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात अशी दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही.

जाणाऱ्या मिशनऱ्याला निरोप देण्यासाठी सारी मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, स्टेशनावर लोटते, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, हार घातले जातात. तोच मनुष्य अनेक वर्षांनी लोंढ्याला उतरून घरी येतो, तेव्हा रविवारच्या उपासनेनंतर लोक ‘कवा आलासा? बरं हाय न्हवं?’ एवढे विचारून जेवायला निघून जातात. यात कोणाचा दोष आहे असे नाही, कारण ज्यांनी ते गाव पाहिलेच नाही त्यांनी आणखी विचारावे तरी काय? पण न सांगितलेले सगळे मनात साचत जाते आणि बहुतेक जण ते तसेच घेऊन तडक नव्या कामाला हात घालतात. काका-काकूंचे शिबिर नेमके या साचलेल्या गोष्टीला हात घालते.

पहिल्या संध्याकाळी भाषण नसते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 14व्या अध्यायाचा शेवट वाचला जातो: पौल आणि बर्णबा हे प्रचारक ज्या अंत्युखियाहून निघाले होते तेथेच परत आले, त्यांनी मंडळीला एकत्र जमवून देवाने काय काय केले ते सांगितले आणि शिष्यांबरोबर पुष्कळ दिवस राहिले. काकांनी त्यावर एवढेच विचारले की, ‘पुष्कळ दिवस राहिले’ हा भाग आपण कामाच्या अहवालात कधी लिहितो का? त्या रात्रीचा कार्यक्रम तेथेच संपला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला खाकी कागदाचा एक लांब पट्टा देण्यात आला. तो व्हरांड्याच्या फरशीवर अंथरून, कडेला दगड ठेवून, सेवेची सर्व वर्षे त्यावर एका रेघेत मांडायची. रेघेच्या वर आनंदाचे प्रसंग, खाली आजार, मृत्यू, भांडणे, सहकाऱ्यांशी झालेले मतभेद. शाळकरी मुलांना द्यावा तसा हा उपक्रम आहे, असे मला आरंभी वाटले. परंतु माझ्या पत्नीने आपल्या पट्ट्यावर रेघेखाली एकाच पावसाळ्याच्या जागी इतके लिहिले की कागद अपुरा पडला, आणि त्यातील निम्मे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. काकू प्रत्येक जोडप्यासमवेत स्वतंत्रपणे दोन-दोन तास बसतात. त्या सल्ला देत नाहीत, बायबलमधले वचनही लगेच काढत नाहीत, घड्याळाकडे तर पाहतच नाहीत. इतके निवांत ऐकून घेणारे माणूस ख्रिस्ती सेवेच्या क्षेत्रात विरळाच भेटते. आपल्याकडे समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच प्रार्थना सुरू होते.

साक्ष सांगण्याचा सराव हा शिबिराचा दुसरा उत्तम भाग. आपली हकिगत तीन मापांत तयार करून घेतली जाते: मंडळीच्या दारात उभ्या-उभ्या विचारणाऱ्यासाठी दोन मिनिटांची, घरगुती प्रार्थना सभेसाठी वीस मिनिटांची, आणि जो खरोखर ऐकू इच्छितो त्याच्यासाठी रात्रभराची. तिसरी कोणाला सांगायची त्या एक-दोन व्यक्तींची नावे तेथेच वहीत लिहायला लावतात. परतल्यानंतर या एका गोष्टीचा आम्हाला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

येथून पुढे मात्र शिबिराची घडी विस्कटते. ‘नव्या सेवेची सुरुवात’ या विषयाला दीड दिवस दिलेला आहे आणि त्यासाठी वाटली जाणारी पुस्तिका उघडच बाहेरच्या देशातील साहित्यावरून बेतलेली आहे. परतणारा मनुष्य भाड्याच्या घरात पत्नी-मुलांसह स्वतंत्र राहील, आपला वेळ आपण ठरवील, असे त्यात गृहीत धरले आहे. आपल्याकडचा कार्यकर्ता परततो तो थोरल्या भावाच्या घरात, वाटणी न झालेल्या शेतात आणि पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत. इतकी वर्षे आईवडिलांचे भावाने पाहिले, आता तुम्ही पाहा, ही अपेक्षा रास्तच असते. तिच्यापुढे ‘पहिले सहा महिने नवी जबाबदारी घेऊ नका’ हा पुस्तिकेतील सल्ला कसा टिकणार? हा प्रश्न मी विचारल्यावर काकांनी प्रामाणिकपणे मान हलवली, पण उत्तर मिळाले नाही.

उदाहरणेही सगळी दूरची आहेत. ज्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 साली आले, जेथील काम पुढे 1904 मध्ये मेथडिस्ट मिशनकडे गेले, जेथे मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी 1831 साली जन्मले आणि 1854 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या गावाच्या उंबऱ्यावर बसून परक्या शहरांतील मंडळ्यांचे दाखले ऐकणे खटकते. स्वतःच्याच गावात, स्वतःच्याच नातलगांसमोर नव्या विश्वासाने उभे राहणे म्हणजे काय, हे बाबा पदमनजींच्या आयुष्यावरून जितके शिकता येईल तितके त्या पुस्तिकेतून शिकता येणार नाही.

पाचव्या दिवशी तालुक्यातील एक अनुभवी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येतात. त्यांना एकच दुपार दिली जाते. माझ्या मते त्यांना दोन पूर्ण दिवस मिळाले पाहिजेत. सीमाभागात घरगुती मंडळी सुरू करताना भाषेचा प्रश्न पहिल्याच रविवारी उभा राहतो, हे त्यांनी कोणतीही भीडभाड न ठेवता सांगितले. एकाच घरात सासू मराठी गाणी म्हणते, सून हुक्केरीकडची असल्यामुळे कन्नडमध्ये प्रार्थना करते, आणि मुलांना शाळेमुळे दोन्ही कळते. गाणी दोन्ही भाषांत घ्या, उपदेश मात्र एका बैठकीत एकाच भाषेत करा, कारण वाक्यागणिक भाषांतर सुरू झाले की पोरे पेंगतात आणि म्हाताऱ्या आपापसात बोलू लागतात, असा त्यांचा अनुभव. 1956 पासून जो वाद रस्त्यावर आहे तो प्रार्थनेच्या चटईवर येऊ देऊ नका, हेही त्यांनी बजावले.

व्यवहाराच्या गोष्टीही त्यांनीच सांगितल्या. फलक लावायचा झाल्यास त्यावर 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, म्हणून मजकूर रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावा. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच ठेवावा लागतो. सगळ्यांत मोलाचा सल्ला असा की, ज्या गावात बैठक घ्यायची त्या गावातील आधीपासूनच्या मंडळीच्या पाळकाला प्रथम भेटावे, चहा घ्यावा आणि त्यांच्याकडे काही महिने साधा सभासद म्हणून बसावे. परतलेला मिशनरी आपली माणसे फोडील, ही धास्ती स्थानिक पाळकांना असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

पैशाचा विषय टाळला जातो, ही माझी शेवटची तक्रार. बाहेरच्या सेवेसाठी देणगी देणारे लोक तुम्ही घरी परतताच हात आखडता घेतात. हे शिबिरातील प्रत्येक जोडपे अनुभवत होते, तरी त्यावर एकही सत्र नव्हते. शेवटी रात्री शेकोटीपाशी आम्हीच आपसांत बोललो. कोणी शिकवणी सुरू केली होती, कोणी भावाच्या दुकानात अर्धवेळ बसत होते, आणि त्यात कमीपणा नाही हे एकमेकांना सांगण्यात मध्यरात्र झाली.

निवासव्यवस्था साधी पण स्वच्छ आहे. जेवणात भाकरी, उसळ, आमटी-भात, रविवारी कोंबडी. मुलांसाठी वेगळा वर्ग आहे, तो आणखी चांगला होऊ शकतो, कारण ओडिया शाळेतून थेट मराठी किंवा कन्नड शाळेत आलेल्या मुलाची घुसमट खेळ आणि चित्रांनी भागत नाही. शुल्क ठरलेले नाही. निघताना ज्याने-त्याने ऐपतीप्रमाणे पाकिटात घालावे. जागा मोजक्याच जोडप्यांपुरत्या असल्याने पावसाळा संपण्यापूर्वीच आपल्या पाळकांमार्फत नाव कळवावे, आणि शक्यतो घरी परतून दोन-तीन महिने झाल्यावर जावे. अगदी पहिल्या आठवड्यात गेल्यास त्या खाकी कागदावर काय लिहावे हेच सुचत नाही. रात्री थंडी कडक असते, घोंगडी सोबत न्यावी.