जांभ्याच्या जमिनीला काय घालायचं: चुना, डोलोमाइट की चुलीतली राख?

माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच; सातच्या खाली म्हणजे आम्ल) ५.१ आलाय आणि दिवाळीनंतर मुळा, लाल माठ, वाल करायचा आहे. दुकानदार म्हणतो डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या खडकाची भुकटी) न्या. शेजारचे काका म्हणतात चुना मार. आजीचं म्हणणं, आम्ही राखच टाकायचो. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे.

पण आधी बघा, घालायला हवं तरी का? खाचरात पावसाळी भातच घ्यायचा असेल तर पैसे वाचवा. पाणी साचून राहिलं की काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपसूक साडेसहाच्या आसपास चढतो. मात्र भात कापून त्याच खाचरात वाल पेरणार असाल तर हिशेब बदलतो, कारण पाणी उतरलं की सामूही उतरतो आणि वालाच्या मुळांवरच्या गाठींना आम्लता मानवत नाही. काजू आणि अननस आम्ल जमिनीत निभावून नेतात. किनाऱ्यालगतच्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतोच, तिथे चुना कशाला? खाडीकाठच्या खार जमिनीचं दुखणं तर मिठाचं, त्यावर इलाज म्हणजे बांध, पावसाच्या पाण्याने धुणं आणि पनवेल १, २, ३ सारखे खार सोसणारे भात.

राहिली आपल्या कोकणातली जांभ्याची, म्हणजे चिऱ्याच्या दगडाची, तांबडी जमीन. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांची टोकं जाड आणि खुजी होतात. घातलेलं स्फुरदही (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात. खत घालूनही पीक का उठत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

आता चुन्याच्या प्रकारांची आणि डोलोमाइटची ताकद. १०० किलो शुद्ध चुनखडीची भुकटी जेवढी आम्लता मारते, तेवढ्याच कामाला कळीचा (भाजलेला, पाणी न घातलेला) चुना ५६ किलो, विझवलेला (पाणी घातलेला) चुना ७४ किलो आणि डोलोमाइट ९२ किलो लागतं. हे आकडे शुद्ध मालाचे. गोणीतला माल त्याहून कमी भरतो.

कळीचा चुना सगळ्यात जलद, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. डोळ्यात गेला तर इजा करतो, हात भाजतो, आणि एका जागी जास्त पडला तर सामू सातच्या वर जाऊन जस्त, लोह, बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. चुनखडीची भुकटी सावकाश पण सुरक्षित. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं यांचे शिंपले म्हणजेही चुनखडीसारखं कॅल्शियम कार्बोनेटच, पण नुसते ठेचून टाकले तर विरघळायला वर्षं जातात. पिठासारखे दळून मिळाले तरच त्यांचा विचार करा.

डोलोमाइट चुनखडीपेक्षाही हळू विरघळतं, पण सोबत मॅग्नेशियम देतं, आणि आपल्या धुपलेल्या जमिनीत नेमकी त्याचीच ओढ असते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर बाकी विचार न करता डोलोमाइट घ्या. दर दुकानागणिक बदलतो; मी आधी गोणीतली चिमूट बोटांत चोळून बघतो. रवाळ लागली तर परत.

राखेबद्दल आजी बरोबर आहे, पण वाफ्यापुरती. भाजावळ करून (पालापाचोळा वाफ्यावर जाळून) भाताचा तरवा, म्हणजे रोपं, काढायची रीत होती, त्यात या राखेचाही वाटा होता. लाकडाच्या राखेत पालाश भरपूर आणि चुन्याचा अंशही असतो, पण पालाश पहिल्या सरींतच वाहून जातो, आणि अख्ख्या मळ्याला पुरेल एवढी राख आता कुणाच्या चुलीत निघते? शिवाय पालाश फार झाला की पीक मॅग्नेशियम कमी उचलतं. दगडी कोळशाची किंवा प्लास्टिक जाळलेली राख घ्यायचीच नाही.

माझं मत: दहा-पंधरा गुंठे असतील तर डोलोमाइट, परसातल्या चार वाफ्यांना राख, आणि याच हंगामात फरक हवा असेल तर बारीक चुनखडी. मात्रा अहवालावरून ठरवा. अंदाज यावा म्हणून सांगतो, हेक्टरी २ टन म्हणजे गुंठ्याला साधारण २० किलो. परतीचा पाऊस ओसरता ओसरता, जमिनीत ओल असतानाच विस्कटून वीतभर खोल मिसळा. कोरड्या मातीत ते नुसतं पडून राहतं. खत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. मी एकदा घाईत विझवलेला चुना आणि युरिया एकाच दिवशी टाकला, तर संध्याकाळपर्यंत मळ्यात नाक धरायची वेळ आली. नत्र अमोनिया होऊन उडत होतं, म्हणजे पैसेच उडत होते. रॉक फॉस्फेट (स्फुरदाच्या खडकाची भुकटी) घालणार असाल तर तेही चुना घातलेल्या तुकड्यात नको. त्याला विरघळायला आम्लताच लागते, म्हणून ते चुना न घातलेल्या काजूच्या आळ्यात टाका.