साठीनंतरची पहिली उडी: टँडम की एएफएफ?

अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमांत किमान वय 18 आहे, कमाल वय दिलेलंच नाही. 2023च्या ऑक्टोबरात इलिनॉयमध्ये डोरोथी हॉफनर यांनी 104व्या वर्षी उडी मारली. पुढच्याच महिन्यात टेक्सासच्या आल्फ्रेड ब्लाश्के यांनी 106व्या वर्षी मारली. आकडे ऐकून हुरूप येतो, पण या दोन्ही उड्या टँडम होत्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगाला पट्ट्यांनी बांधून, त्याच्याच पॅराशूटवर मारलेल्या. गोम तिथेच आहे. एएफएफ म्हणजे पाठीवर स्वतःचं पॅराशूट घेऊन शिकण्याचा अभ्यासक्रम, आणि तो साठीनंतर नव्याने सुरू करायचा की नाही, हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे.

थोरल्या जॉर्ज बुश यांचा क्रम या बाबतीत बोलका आहे. 1997 साली, 72व्या वर्षी, त्यांनी अ‍ॅरिझोनात स्वतःच्या पॅराशूटने उडी मारली. 2004 साली 80 पूर्ण झाल्यावरही बेत एकट्याचाच होता, पण त्या दिवशीची हवा बघून तो टँडमवर आणला गेला. 85 आणि 90व्या वाढदिवसाच्या उड्या टँडमच होत्या. आणि हा माणूस तरुणपणी युद्धात जळत्या विमानातून पॅराशूटने बाहेर पडलेला.

आधी टँडममधली कटकट, कारण तिच्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. बहुतेकांना भीती विमानाच्या दाराची वाटते, पण पन्नाशी-साठीतल्या शरीराची खरी परीक्षा शेवटच्या दहा सेकंदांत असते. उतरताना दोन्ही पाय कमरेच्या उंचीपर्यंत समोर उचलून धरायचे असतात, म्हणजे प्रशिक्षकाचे पाय किंवा दोघांची बैठक आधी टेकते. पाय लोंबते राहिले तर तुमचेच आधी जमिनीला लागतात, मागून दोघांचं वजन पुढे येतं आणि घोटा दुमडतो. घरी खुर्चीच्या कडेला बसून दोन्ही पाय सरळ समोर उचला आणि दहापर्यंत मोजा. पोट आड येत असेल किंवा मांडीच्या मागच्या शिरा ओढत असतील, तर हाताने मांडीखाली धरून उचलून बघा. तसं चालतं. तेही जमत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गुडघ्यापाशी पट्टे लावून पाय हाताने वर ओढता येतील अशी सोय काही ठिकाणी असते. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत, तर बैठकीवर उतरण्याचा दणका मणक्याला बसतो. अशा वेळी हाडांच्या घनतेचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी कटकट विमानाची. सेसना 182 सारख्या छोट्या विमानात सीट काढलेल्या असतात. वीस-पंचवीस मिनिटं फरशीवर पाय दुमडून बसायचं आणि मग गुडघ्यांवर सरकत दारापर्यंत जायचं. दहा वर्षांत मांडी घालून जेवायला न बसलेल्या माणसाला उडीपेक्षा हेच जड जातं. कॅराव्हॅन किंवा ट्विन ऑटर या मोठ्या विमानांत बहुधा बाक असतात. हरियाणात नारनौलजवळ बाछोदला जा की दुबईला, विमान कुठलं आणि बसायला काय, हे आधी विचारून घ्या.

बाकी टँडममध्ये डोक्याला फारसं काम नाही. 13,000 फुटांवरून उडी, मिनिटभराचा मुक्त पात, साधारण 5,000 फुटांच्या आसपास पॅराशूट उघडणं, मग पाच-सहा मिनिटं तरंगणं. उघडताना हनुवटी छातीला टेकलेली नको, नजर क्षितिजावर ठेवा, नाहीतर मान आखडते. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका, दाबाच्या फरकाने कान आणि कपाळ ठणकतं. वर तरंगताना जांघेतले पट्टे काचतात, चक्करही येते. तेव्हा प्रशिक्षकाच्या पायांवर उभं राहून पट्टे गुडघ्यांकडे सरकवून घ्यायचे. गिरक्या नकोत हे आधीच सांगून ठेवायचं.

आता एएफएफ. सहा-आठ तासांचा जमिनीवरचा वर्ग, पहिल्या तीन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरलेले दोन प्रशिक्षक, आणि अमेरिकी पद्धतीत पहिला परवाना मिळेपर्यंत किमान 25 उड्या. एक गोष्ट मात्र एएफएफच्या बाजूने मान्य करायला हवी. शिकाऊ पॅराशूट वजनाच्या मानाने बरंच मोठं असतं, त्यामुळे ते हळू उतरतं आणि पाय उचलून धरायची भानगड नाही. उभं राहता आलं नाही तर पावलं, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू या क्रमाने लोळण घ्यायची. साठीतही ती सरावाने येते. पॅराशूटचा वेग कमी करणाऱ्या दोऱ्या, म्हणजे ब्रेक, मात्र जमिनीपासून दहा-बारा फुटांवर स्वतःच्या अंदाजाने ओढावे लागतात, आणि मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना हा अंदाज चकवतो. चाळिशीच्या चष्म्याचा बाऊ नको: काट्याचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) घेतला की आकडे वाचावे लागत नाहीत, काट्याची जागा बघितली तरी पुरतं.

माझ्यापुरता निकाल एका हँडलने लावला. पॅराशूट उघडायचं हँडल कंटेनरच्या, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या, तळाशी उजव्या कोपऱ्यात असतं, साधारण पँटच्या मागच्या खिशाच्या वर. ते दिसत नाही, फक्त हाताला लागतं. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात पालथं, पाठ कमानीसारखी वाकवून, उजवा हात मागे न्यायचा आणि त्याच वेळी डावा डोक्यापुढे आणायचा, नाहीतर शरीर फिरायला लागतं. साठीतला खांदा नेमका इथे दगा देतो. रोजच्या वावरात तो ठीक वाटतो, कारण मागे हात न्यायची वेळ पाठीला साबण लावतानाच येते. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त, आणि अनेकांना ते या हँडलपर्यंत हात नेईस्तोवर कळतही नाही. या वेगाने हजार फूट साधारण साडेपाच सेकंदांत जातात. 5,500 फुटांवर हात मागे गेला आणि हँडल लागलं नाही, तर राखीव पॅराशूटचा निर्णय घेण्याच्या 2,500 फुटांपर्यंत जेमतेम सोळा सेकंद उरतात. कोणीच काही केलं नाही तर आपोआप उघडणारं यंत्र आहे, पण ते शिकाऊ सेटमध्येही हजार फुटांच्या खाली चालतं. त्या भरवशावर कोर्स करायचा नसतो.

चाचणी सोपी आहे. बाकावर पालथं पडा, छाती आणि गुडघे वर उचला, कमरेच्या मागे उजवीकडे रुमाल खोचून ठेवा. डावा हात डोक्यापुढे नेत उजव्याने रुमाल ओढा, दोन सेकंदांत, लागोपाठ दहा वेळा. सातव्या-आठव्या खेपेला कोपर बाहेर फेकलं जात असेल किंवा अंग एका कुशीला वळत असेल, तर आधी फिजिओथेरपी करा, कोर्सची चौकशी नंतर. हैदराबादच्या किंवा दुबईच्या वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे खालून येणाऱ्या जोरदार हवेवर तरंगायच्या नळीत, दहा मिनिटं काढली तरी खांद्याची खरी कथा कळते, आणि तिथे हवा बंद करता येते. पूर्वी खांदा निखळलेला असेल तर बोगद्यातही सहसा घेत नाहीत, तेव्हा तो प्रश्नच मिटतो.

आणखी एक, खास आपल्याकडच्यांसाठी. शिकाऊ माणसाचा महिनाभराचा खंड पडला की पुढची उडी पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. पुण्या-नाशकात राहून स्पेन किंवा थायलंडला कोर्स करणाऱ्याचा खंड पडणारच. तिशीतला माणूस चुकलेलं पुन्हा पटकन उचलतो, साठीत ते हाताला यायला वेळ लागतो. चाळिशीपारच्यांची 'पॉप्स' आणि साठीपारच्यांची 'स्कायडायव्हर्स ओव्हर सिक्स्टी' ही मंडळं जोरात आहेत हे खरं, पण तिथल्या बऱ्याच जणांचे हात तरुणपणापासून बसलेले असतात.

तेव्हा खांदा रुमालाच्या चाचणीत पास झाला असेल आणि सलग तीन-चार आठवडे धावपट्टीजवळ राहता येत असेल, तर एएफएफला माझी ना नाही. एरवी मी टँडमच सुचवेन, पण सामानासारखं बांधून घेऊन नव्हे. मनगटाला अल्टिमीटर मागून घ्या, आणि पॅराशूट उघडायचं हँडल मला ओढू द्या असं प्रशिक्षकाला विमानात चढण्याआधी सांगा. टँडमच्या सेटला उजव्या कमरेपाशी तुमच्यासाठी एक हँडल असतं. 6,000 फुटांवर नजर अल्टिमीटरकडे, मग हात मागे. हँडल लागलं तर तुम्ही ओढलंत, नाही लागलं तर प्रशिक्षकाचा हात त्याच्या हँडलवर आहेच.