पन्हाळ्याजवळचं रॅपलिंग शिबिर: आधी दोर बघितला, मग कडा

पन्हाळ्याच्या अंगाला रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचं, दिवसभराचं शिबिर घेणारा एक छोटा गट आहे. दुकान नाही, फलक नाही, सगळं ओळखीतून चालतं. कोल्हापुरात पैसे मोजून थरार अनुभवायचा असेल तर मी यांच्याकडेच जा म्हणेन. पण 'लई भारी, नक्की जावा' एवढं वाचून कुणी आपल्या पोराबाळांना कड्यावरून खाली सोडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव मालात, ब्लोहोल (हवेची पोकळी) आहे का, क्रॅक आहे का, माप ड्रॉइंगप्रमाणे बसतंय का, यातच माझा दिवस जातो. त्यामुळे 'काय होत नाही ओ' या वाक्यावर मी कुठलीच गोष्ट पास करत नाही. मागे एका थंड हवेच्या ठिकाणी झिपलाइनसाठी रांगेत उभी होते. पट्टा कधीचा आहे विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, रोज शंभर माणसं जातात इथनं." माझ्या पुढच्या मुलीच्या कॅरॅबिनरचं, म्हणजे दोर-पट्टे जोडायच्या कडीचं, लॉक फिरवलेलंच नव्हतं, ते मी दाखवल्यावर फिरवलं. मी पैसे सोडले आणि तिथून परत आले. त्यानंतर असल्या गोष्टींचं नावच काढत नव्हते.

पण पुतणी ऐकेना. २०२२ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं एव्हरेस्ट सर केलं, तेव्हापासून हिच्या डोक्यात डोंगराशिवाय काही नाही. दीर आणि जाऊबाईंची एकच अट: काकू सोबत असेल तर जा. मग मी त्या गटाच्या मोठ्या सरांना फोन लावला आणि सरळ विचारलं, सामान आधी बघायला मिळेल का? ते म्हणाले, "शिबिराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी या, सगळं मांडून ठेवतो." माझं अर्धं काम तिथंच झालं.

गेले तर खरंच सतरंजीवर सगळं मांडलेलं. दोर ११ मिलिमीटरचे, कमी ताणाचे. रॅपलिंगला असेच लागतात. पडणाऱ्या क्लाइंबरला झेलायचे ताणणारे दोर वेगळे. या दोरांचं युरोपियन मानक ईएन १८९१. त्यातल्या 'ए' प्रकाराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते, म्हणजे साधारण सव्वादोन टन. सरांनी दोराचं कापलेलं टोक हातात दिलं आणि आतल्या धाग्यांमध्ये दडलेली बारीक पट्टी नखानं ओढून दाखवली. त्या पट्टीवर मानक आणि निर्मितीचं वर्ष छापलेलं होतं. सोबत वही: दोर कधी आणला, कुठे कुठे वापरला, कधी धुतला, कुणी तपासला. मग दोर बोटांमधून इंच इंच सरकवत कसा तपासायचा ते दाखवलं. वरचं आवरण ठीक दिसतं, पण आत गाभा दबला असेल तर तिथे दोर मऊ लागतो किंवा विचित्र वाकतो. मी स्वतः एक अख्खा दोर तसा सरकवून बघितला. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

कॅरॅबिनरवरच्या खुणा तर माझ्या रोजच्या कामातल्या वाटल्या. दांड्यावर कोरलेलं: लांबीत २२ किलोन्यूटन, आडवा ८, तोंड उघडं असताना ७. म्हणजे तोच तुकडा सरळ ओढला तर सव्वादोन टन घेतो, तोंड उघडं राहिलं तर सातशे किलोच्या आसपास. त्या झिपलाइनवर लॉक फिरवलं नव्हतं म्हणून मी का परत आले, ते पुतणीला इथं नीट कळलं.

एका कोपऱ्यात दोन हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, कापून ठेवलेले होते. वरून बघितलं तर धडधाकट. पण नायलॉन नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. बऱ्याच कंपन्या अशा सामानाला निर्मितीपासून जास्तीत जास्त १० वर्षं देतात, आणि या दोन्हींची मुदत संपली होती. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नयेत म्हणून पट्टे कात्रीनं तोडलेले. आम्ही रिजेक्ट मालावर लाल रंग मारतो, तसंच हे. उंचावरून दगडावर पडलेला कॅरॅबिनरही ते वापरातून काढतात. धंद्यात हे किती जणांना परवडतं मला माहीत आहे, म्हणून याचं मोल मला फार वाटलं.

आता जागा. रॅपलिंग गडाच्या तटावरून होत नाही, आणि होऊही नये. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात तो आहे. गट जातो तो गडापलीकडच्या एका कड्यावर, जागामालकाला विचारून. उंची साधारण ८० फूट.

हाच कडा का, हे सरांनी दगड दाखवून सांगितलं. या भागात माथ्यावर जांभा आणि खाली काळा बेसॉल्ट. जांभा भुसभुशीत, भोकांचा; त्यात बोल्ट मारला तर किती दिवस धरेल याचा भरवसा नाही. इथे काळा दगड वर उघडा पडलाय. हातोडीनं ठोकून दाखवलं: भरीव जागी खणखणीत आवाज, पोकळ जागी बद्द. कास्टिंग आम्हीही असंच ठोकून ऐकतो, त्यामुळे मला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

अँकर, म्हणजे दोर दगडाला बांधायच्या जागा, दोन, आणि माणसाला दोर दोन. एका दोरावरून आपण उतरतो, दुसरा बिलेचा, म्हणजे आपला हात सुटलाच तर सावरायचा, तो वर दुसऱ्या माणसाच्या हातात आणि स्वतंत्र बोल्टवर. बोल्टमधला पट्टा लांब सोडलेला होता. त्याचं कारण क्रेनवर काम केलेल्या कुणालाही कळेल. दोन बोल्टमधून येणाऱ्या पट्ट्याचा कोन ६० अंशांचा असला तर प्रत्येकावर वजनाच्या साधारण ५८ टक्के येतात. तोच १२० अंश झाला की प्रत्येक बोल्टवर पुरतं वजन, म्हणजे वजन वाटून घ्यायला दोन असून उपयोग शून्य. कड्याच्या धारेवर दोराखाली जाड कॅनव्हास होता, आणि दर माणसामागे तो जागेवर आहे का ते कुणीतरी हात लावून बघत होतं.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते. हार्नेस बांधायला एक ताई होत्या. त्यांनी पहिल्यांदा माझी वेणी बघितली, गुंडाळून हेल्मेटच्या मागे शर्टात खोचायला लावली, पुतणीची ओढणी काढून ठेवली. डिसेंडर म्हणजे दोरावर वेग आवरत उतरायचं आठ आकड्यासारखं धातूचं साधन, त्यात दोर फिरत असतो. त्यात केस किंवा कापड ओढलं गेलं तर माणूस मधेच अडकतो आणि फार लागतं. हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पट्टा बकलमधून उलटा परत घेतलेला. हे त्यांनी बघितलं, मग सरांनी, मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही माझं बघा." प्रत्येकाला दुसऱ्याचं तपासायला लावतात. पुतणीनं एका काकांचा सुटा लॉक पकडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्यक्ष उतरणं. पाठ दरीकडे, टाचा धारेवर, आणि सर म्हणतात, "मागं बसा. खुर्चीत बसल्यागत नाही, पाय सरळ ठेवून अख्खं अंग मागं सोडा." इथे सगळी विद्या एका बाजूला राहते. दोर सव्वादोन टनांचा आहे हे मला तोंडपाठ होतं, तरी गुडघे ऐकेनात. तोंड कोरडं ठाक, बोटं गार, कानात ठोके. ताई शांतपणे म्हणाल्या, "भीती वाटतीय ना? वाटायलाच पायजे. उजवा हात कमरेखाली ठेवा, तेवढंच बघा." कुणी आरडाओरडा केला नाही, 'जय भवानी' म्हणवून ढकललं नाही. मी तयार होईपर्यंत थांबले.

मग वजन दोरावर गेलं. हार्नेसनं मांड्यांना घट्ट धरलं, डिसेंडरमधून दोर खर्र करत सरकला, हातमोज्याच्या चामड्यातून त्याची ऊब लागली. पहिली दहा फुटं मी फक्त समोरचा काळा दगड बघितला. त्यातल्या पांढऱ्या खड्यांचे ठिपके अजून डोळ्यांपुढे आहेत. अर्ध्यात आल्यावर हात सैल केला की जाता येतं, आवळला की थांबता येतं, हे अंगाला कळलं, आणि मग जो आनंद झाला तो मी शब्दांत काय सांगू! थांबून मान वळवली. खाली उसाचे हिरवे चौकोन, लांब धुरकट कोल्हापूर. मी ओरडले, चक्क. खाली टेकल्यावर हात थरथरत होते आणि हसू थांबत नव्हतं. नाद खुळा. दुसऱ्या फेरीला मी स्वतःहून रांगेत पुढं गेले.

दुपारी सर कोंडाजी फर्जंदांचं सांगत होते. १६७३ साली अवघ्या ६० मावळ्यांनिशी रात्री कडा चढून त्यांनी पन्हाळा घेतला. बोल्ट नाहीत, हेल्मेट नाही, वर शत्रू. कथा लहानपणापासून माहीत होती. पण स्वतः त्याच डोंगरातल्या कड्याला लोंबकळून आल्यावर ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि पोरं एकदम गप्प झाली.

उणं काय ते पण सांगते. एकच रांग असल्यामुळे थांबावं फार लागतं, आणि उन्हात सावली नाही. एक ताडपत्री बांधली तर बरं होईल. बायकांच्या सोयीसाठी जवळच्या वस्तीवर एका घरी जावं लागतं. माणसं चांगली आहेत, पण दहा मिनिटं चालावं लागतं. हेल्मेटच्या आतले पट्टे घामानं ओले होतात, तेव्हा डोक्याला बांधायला सुती रुमाल न्या. जेवण झुणका, भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही. त्यात नाव ठेवायला जागा नाही.

पैसे माणशी १,४००, जेवण आणि सामान धरून. गाडी आपली. पावसाळ्यात ते घेत नाहीत, कितीही मागे लागलं तरी, कारण दगड निसरडा असतो आणि वरून माती-धोंडे सुटतात. ऑक्टोबरनंतर विचारा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर नाही म्हणतात आणि पैसे परत देतात. आमच्या गटातल्या एका गृहस्थांना तसे दिलेले मी बघितले. वही मागा, दोराचं टोक मागा. आदल्या संध्याकाळी जायला जमत नसेल तर सकाळी अर्धा तास आधी पोहोचा, तिथंही दाखवतात. पुतणीचं नाव मी पुढच्या टप्प्याला, चढाईच्या शिबिराला घातलंय. जाऊबाईंनी या वेळी अट घातली नाही, त्या स्वतःच येणार म्हणतात.