वर्गातल्या चाचणीसाठी काय निवडाल: गूगल फॉर्म्स, कहूट की प्लिकर्स?

उत्तरं हातात आल्यावर त्यांचं काय करणार, हे आधी ठरवा. तास चालू असतानाच ‘हा भाग पुन्हा घ्यायचा का’ हे कळायला हवं असेल, तर प्लिकर्स, म्हणजे छापील कार्डं आणि शिक्षकाच्या फोनवरचं अ‍ॅप. कोण नेमकं कुठे अडलं हे नंतर निवांत पाहायचं असेल, तर फॉर्म्स, म्हणजे गूगलची ऑनलाइन प्रश्नावली. कहूट, म्हणजे मुलांनी आपापल्या उपकरणावर बटण दाबून उत्तर द्यायचा ऑनलाइन प्रश्नखेळ, उजळणीसाठी उत्तम, पण मूल्यमापनासाठी मी ते सुचवणार नाही.

कारण त्याच्या गुणपद्धतीतच आहे. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि वेळ जाईल तसे ते कमी होत निम्म्यापर्यंत येतात. २० सेकंदांच्या प्रश्नाला दहाव्या सेकंदाला बरोबर उत्तर देणाऱ्याच्या पदरात साधारण ७५० पडतात. म्हणजे सावकाश वाचणारं मूल सगळं येत असूनही मागे राहतं, आणि हळूहळू वर्ग अंदाजपंचे बटणं दाबू लागतो. प्रश्नाची वेळ वाढवा, किंवा त्या प्रश्नाचे गुणच बंद ठेवा. मग चुरस ओसरते, हेही खरं.

प्लिकर्सला मुलांच्या हातात एकही उपकरण लागत नाही. कार्डं छापायची (नेहमीच्या संचात ४०, मोठ्या संचात ६३), हजेरीपटानुसार एकेक क्रमांक नेमून द्यायचा. कार्डावरच्या काळ्या आकृतीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरं असतात. उत्तराची बाजू वर करून कार्ड धरलं, की शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून आपलं कार्ड तसंच धरण्यात अर्थ नसतो. एखादं कार्ड वाचलं जात नसेल, तर बहुधा बोट काळ्या भागावर आलेलं असतं, नाहीतर चकचकीत लॅमिनेशनवर दिवा चमकत असतो. कडेने धरायला शिकवा आणि लॅमिनेशन करायचंच तर मॅट करा. मर्यादा एकच, पण मोठी: पर्याय चारच, लेखी उत्तर नाही.

फॉर्म्समध्ये लेखी उत्तरही घेता येतं, आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते. लघुत्तर उत्तरसूचीशी तंतोतंत जुळलं तरच आपोआप गुण मिळतात. सूचीत ‘१२’ असेल आणि मुलाने इंग्रजी अंकांत ‘12’ लिहिलं, तर ते चूक ठरतं. ‘अंतर’ आणि ‘अन्तर’ हीसुद्धा यंत्राच्या लेखी दोन वेगळी उत्तरं. चालतील ती सगळी रूपं सूचीत भरा, नाहीतर अशा प्रश्नाला सरळ पर्याय द्या.

दुसरी फट निकालाची. फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘क्विझ’ हा पर्याय सुरू केल्यावर सहसा ‘सबमिट’ करताच गुण आणि बरोबर उत्तरं दिसतात. पहिल्या मुलाने पेपर दिला, की उत्तरं बाकांवर फिरू लागतात. सेटिंग्जमध्ये निकाल नंतर, तपासणीनंतर जाहीर करण्याचा पर्याय निवडा. त्यासाठी ईमेल गोळा करावे लागतात, हे लक्षात असू द्या.

मुलांकडे उपकरणं नसतील, तर प्लिकर्सवाचून गत्यंतर नाही. असतील आणि सध्या एकच साधन शिकण्याइतका वेळ असेल, तर फॉर्म्स शिका; पालकांची माहिती, सहलीची नोंदणी, सगळीकडे तेच कामी येतं. वर्गात नेण्याआधी फॉर्मचा दुवा ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खाजगी) खिडकीत उघडून, खात्यात लॉगिन न करता एकदा स्वतः भरून पाहा. फॉर्म लॉगिन मागत असेल, तर ते तिथेच कळेल.