नाशिकमधील एका कर्करोग रुग्णालयाची समुपदेशन सेवा : आमचा अनुभव

पेठ तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा आम्ही तिला नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आणले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे अर्ध्या दिवसात मार्गी लागली. हा अभिप्राय केवळ शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनाबद्दल आहे.

समुपदेशक बाईंनी माहिती चोख दिली. गाठ लहान असताना तेवढीच काढून पुढे किरणोपचार घेतले काय किंवा संपूर्ण स्तन काढला काय, आयुर्मानात फरक पडत नाही, हे त्यांनी चित्र काढून समजावले. पहिल्या मार्गात आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीन आठवडे यावे लागेल, हेही सांगितले. मात्र चित्राचा कागद माझ्या पुढ्यात होता. मावशी मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीच्या कडेला बसली होती आणि तिच्या कोकणा या आदिवासी बोलीला ते पुस्तकी मराठी परके होते. वय पाहता पूर्ण काढलेलेच बरे, असे मीच सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी सुरगाण्याकडच्या एका परिचारिकेने तिच्याच बोलीत विचारपूस केली, तेव्हा मावशीने पहिला प्रश्न विचारला : या हाताने पुन्हा भारा उचलता येईल का? काखेतील गाठी काढल्यास हात सुजू शकतो, म्हणून व्यायाम लवकर सुरू करून ओझे हळूहळू वाढवावे लागते, हे उत्तर रुग्णालयाच्या पुस्तिकेत नव्हते. त्यानंतर भाताच्या आवणीचा विषय निघाला. तासाभराने तिने स्तन राखण्याचा मार्ग निवडला आणि पेठहून रोज घाट ओलांडून येण्याऐवजी तीन आठवडे पंचवटीत माझ्याकडे राहायचे ठरवले. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले होते त्याच्या हे नेमके उलट होते.

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावूत प्रदेशाच्या पूर्व भागातल्या इनुइट या मूलनिवासी समाजातील रुग्णांना तिथली राजधानी इकालुइटहून सुमारे 2,000 किलोमीटर विमानाने ओटावा गाठावे लागते, तेही त्यांची मातृभाषा इनुक्टिटुट नव्हे तर इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे. तेथे इनुइट समाजातील माणसे आणि संशोधक यांनी मिळून, रुग्णाला निर्णयात सहभागी करून घेण्याची साधने तयार केली आहेत. आमच्याकडे हे काम एका परिचारिकेच्या भलेपणावर चालले आहे, आणि तिची पाळी नसेल त्या दिवशी तेही नाही. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्यांनी समुपदेशनाची वेळ तिची पाळी विचारूनच घ्यावी आणि कागद रुग्णाच्याच हातात द्यायला सांगावे.